स्वदेशी म्हणून आणलेली गाडी

मित्रांनो, अमडापूर सोडून चिखलीच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर एका घराच्या अंगणात पत्र्याचे शेड दिसते. त्यात फवारणीचे पंप आहेत, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आहेत आणि एका बाजूला धुळीने पांढुरकी झालेली एक मोठी गाडी उभी आहे. ती मी. माझा मूळ रंग गडद हिरवा आहे. हे मुद्दाम सांगते, कारण आता पाहून तो कोणाला ओळखता येत नाही.

माझा जन्म आपल्याच देशातल्या एका कारखान्यात झाला. कंपनी आपली, मालक आपला, पत्रा ठोकणारे आणि रंग देणारे हातही आपले. फक्त माझे इंजिन ज्या आराखड्यावरून घडले, तो आराखडा समुद्रापलीकडच्या एका कंपनीचा होता. त्या कंपनीचे नाव कोरलेली बोटभर पट्टी माझ्या इंजिनाच्या कुशीला बसवलेली होती. त्यात लपवण्यासारखे मला काही वाटले नाही. पण मला कोणी विचारलेही नाही.

तिथून मी चिखलीच्या एका दुकानात आले. दुकानात माझ्या शेजारी एक परदेशी कंपनीची गाडी होती. ती चकचकीत होती, तिच्या दाराचा आवाजही मऊ यायचा. लोक आधी तिच्याकडे जात. एके दिवशी भाजीपाला पिकवणारे एक गृहस्थ आले. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. बरोबर बायको, मुलगी छाया आणि शाळकरी मुलगा अविनाश. हे नारायणराव. विक्रेता त्यांना त्या चकचकीत गाडीबद्दल सांगू लागला. नारायणरावांनी त्याला हातानेच थांबवले.

"थे जाऊ द्या. हे हिरवी गाडी कोणत्या कंपनीची हाय? आपल्या का बाहेरच्या?"

"आपल्याच, काका. पूर्ण देशी."

"मंग हेच."

बायकोने, म्हणजे सरस्वतीबाईंनी, माझ्या बोनेटवर कुंकवाची बोटे उमटवली आणि मी अमडापूरला आले. दुसऱ्याच दिवशी नारायणरावांनी पेंटरकडून माझ्या मागच्या काचेवर लाल अक्षरांत लिहून घेतले : 'स्वदेशी'.

हा त्यांचा हट्ट कशासाठी होता, ते मला हळूहळू कळले. त्यांचा थोरला भाऊ ज्ञानेश्वर एका कापड गिरणीत कामाला होता. बाजारात बाहेरचे स्वस्त कापड आले, गिरणीचा माल पडून राहिला आणि एक दिवस गिरणीच्या दाराला कुलूप लागले. ज्ञानेश्वर कामाच्या शोधात सुरतेला गेला. एक-दोनदा गावी येऊन गेला. मग तो आला नाही, तो वारल्याची बातमी आली. तेव्हापासून नारायणरावांनी घरात बाहेरची वस्तू येऊ दिली नाही. घड्याळ असो, फवारणीचा पंप असो, आधी कंपनी कोणाची हे विचारायचे. गावात काही जण हसत. ते म्हणत, "हसा. माह्या भावाचं काम कोणी खाल्लं, थे मले माहीत हाय."

माझी पहिली वर्षे फार चांगली गेली. उजाडायच्या आत माझ्यात वांगी, मेथी आणि सांबाराच्या जुड्या भरल्या जात. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. चिखलीच्या बाजारात मी पोचले की व्यापारी म्हणत, "आली नारायणरावाची देशी." छायाचे लग्न झाले तेव्हा मीच तिला सासरी, धामणगाव बढ्याला पोचवले. माझ्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले होते. छाया वाटभर रडली. तिच्या शेजारी बसलेला नवरामुलगा बिचारा नुसता खिडकीबाहेर बघत राहिला.

पण माझ्यावर खरा जीव होता तो अविनाशचा. शाळेतून आला की दप्तर ओट्यावर आणि डोके माझ्या बोनेटखाली. माझा आवाज जरा बदलला तरी त्याला अंगणातून कळायचे. गाडी चालवायलाही तो माझ्यावरच शिकला. शेतात नारायणराव शेजारी बसत आणि ओरडत, "क्लच हळू सोड बे! घोडं हाय का ते?" मी दोन उड्या मारून बंद पडे आणि बापलेक दोघेही हसत. पुढे अविनाशने आयटीआय केले आणि पुण्याकडे एका गाड्यांच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. नारायणरावांनी पेढे वाटले. कारखाना कोणाचा, हे अविनाशने सांगितले नाही. सरस्वतीबाईंना ते माहीत होते. त्यांनीही सांगितले नाही.

मित्रांनो, अशा गोष्टी फार दिवस झाकून राहत नाहीत. अविनाशचे लग्न झाले, त्याला मुलगी झाली, आणि त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला तो बायको अनुपमा आणि लेकीला घेऊन नव्या गाडीतून गावी आला. गाडी रुपेरी रंगाची होती. ती फाटकाशी थांबली. सरस्वतीबाई ओवाळायला ताट घेऊन धावल्या. ओट्यावर नारायणराव आणि शेजारचे भगवानराव बसले होते. मी अंगणातच उभी होते.

"कोणत्या कंपनीची म्हणावं हे गाडी?" भगवानरावांनी सहज विचारले.

अविनाशने नाव सांगितले. सांगताना त्याची छाती फुलली होती. "मी तिथंच कामाले हाय, काका. हिचे दरवाजे ज्या लाइनवर बसतात, त्या लाइनवर मी असतो."

नारायणरावांनी हातातल्या पेपराची घडी केली. "म्हणजे तू बाहेरच्या कंपनीत हाय."

"कारखाना तं आपल्याच मुलखात हाय, बाबा. काम करणारे सारे आपलेच पोट्टे हायेत. आपल्या मेहकरचे, लोणारचे बी हायेत."

"आन् मालक?"

अविनाश गाडीतले सामान काढायला वळला.

"मालक बाहेरचा. त्याच्या मनात आलं तं उद्या कुलूप लावीन आन् निघून जाईन. थे गाडी या अंगणात नाई यायची."

"अवो, सणाचा दिवस हाय," सरस्वतीबाई ताट धरून मध्येच उभ्या राहिल्या.

"मी गाडीचं सांगून राह्यलो. लेकाले कोणी नाई म्हटलं?"

"मी हातानं जे बनवतो ते तुमच्या अंगणात चालत नाई, आन् मी चालतो?" अविनाशचा आवाज चढला. मग त्याने माझ्याकडे बोट केले. "बाबा, तुमच्या या स्वदेशीचं बोनेट उघडा एकदा. इंजिनावर कोणाचं नाव हाय, थे वाचा. मी सातवीत होतो तवाच वाचलं होतं. तुमाले वाईट वाटीन म्हणून आजपावतर बोललो नाई."

भगवानराव खाली मान घालून चपला शोधू लागले. अनुपमाने मुलीला कडेवर घेतले. ती रुपेरी गाडी रात्रभर देवळाजवळच्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेली.

चार-पाच दिवसांनी दुपारी नारायणराव माझ्याजवळ आले. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्यांनी माझे बोनेट उघडले. इंजिनाच्या बाजूचा तेलकट काळा मळ रुमालाने पुसला, चष्मा नाकावर घट्ट केला आणि ती पट्टी एकेक अक्षर लावून वाचली. मला वाटले, आता ते माझ्यावर चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी बोनेट इतके हळू टेकवले की ते बसलेच नाही. मग दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केले आणि तळवे तसेच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

काचेवरची अक्षरे त्यांनी पुसली नाहीत. पण त्यानंतर ते मला कौतुकाने कोणाला दाखवेनासे झाले. मी फक्त बाजारापुरती उरले. पुढे भाजी न्यायला व्यापाऱ्यांचे टेम्पो थेट शेतावर येऊ लागले आणि तेही काम सुटले.

अविनाश गावी येईना. सरस्वतीबाई नातीसाठी एस.टी.ने जात. नारायणराव त्यांना माझ्यातून चिखलीच्या बसस्थानकावर सोडत. प्रत्येक वेळी त्या म्हणत, "तुमीबी चाला नं एक डाव."

"मेथी काढाची हाय."

कधी मेथी, कधी टमाटे, कधी विहिरीचा पंप. शेतात काहीतरी असायचेच. बस सुटली की नारायणराव ती वळेपर्यंत उभे राहत. परतताना बाईंच्या बाजूची काच उघडीच असे. ते ती लावत नसत. वाटेत कोणी हात केला तरी थांबत नसत. घरी आल्यावर ते माझ्यातून लगेच उतरत नसत. आत जाऊन करायचे काय, घर रिकामे. ते स्टेअरिंगवर हात ठेवून बसून राहत, मग स्वतःशीच, "चाला," असे म्हणून उतरत. तो शब्द ते कोणाला म्हणत, मला कधी कळले नाही.

अशी वर्षे गेली. मग एक दिवस सकाळी ते मला घेऊन फाट्यावरच्या हॉटेलात चहाला गेले. मी दारातच उभी होते. आत टीव्हीवर बातम्या चालू होत्या. एकदम भगवानराव मोठ्याने म्हणाले, "घ्या, नारायणराव! तुमी म्हटलं तेच झालं. तुमच्या अविनाशची कंपनी कारखाना बंद करून चालली वापस तिच्या देशात."

सगळे टीव्हीकडे वळले. एक जण म्हणाला, "म्हणूनच आपल्या कंपनीची वस्तू घ्यावी." दुसरा म्हणाला, "आपल्या कंपन्या काय बंद पडत नाईत? गाडी चांगली पाहिजे, बस." बोलणे रंगात आले. इतकी वर्षे ज्या गोष्टीसाठी नारायणराव भांडले, ती आज खरी ठरली होती आणि सगळे हॉटेल त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी कप तसाच भरलेला खाली ठेवला आणि बाहेर आले. 

सरस्वतीबाई तेव्हा अविनाशकडेच होत्या. दोन दिवसांत नारायणरावांनी मला नवी बॅटरी बसवली, तेल बदलले, हवा भरली. छायाचा फोन आला. फोन मोठ्याने बोलत होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाबा, इतक्या दूर या गाडीनं? एस.टी.नं जा नं. हिचा काय भरवसा?"

"एस.टी.नं गेलो तं त्याहिचं सामान कशात आणू?"

 छाया म्हणाली, "सावकाश जा."

आम्ही दोघेच पुण्याकडे निघालो. देऊळगाव राजा, जालना, संभाजीनगर. नारायणरावांनी एकदाही गाणे लावले नाही की ते कोणाशी बोलले नाहीत. नगरच्या पुढे मी तापले. त्यांनी मला एका लिंबाखाली उभे केले, पाणी घातले आणि मी निवेपर्यंत माझ्या पायरीवर बसून भाकरीवर ठेचा घेऊन खाल्ला. "दमली व्हय?" त्यांनी विचारले. कितीतरी वर्षांनी ते माझ्याशी बोलले होते.

कारखान्याचे फाटक फार मोठे होते. समोर मांडव टाकून कामगार बसले होते. नारायणरावांनी मला रस्त्याच्या कडेला लावले. तिथे ओळीने गाड्या उभ्या होत्या, सगळ्या त्याच कंपनीच्या. एक तरुण कामगार माझ्या मागून आला. काच वाचून तो थबकला आणि तावातावाने पुढे आला.

"काका, आमची नोकरी गेली आणि तुम्ही स्वदेशीची पाटी लावून मिरवायला आलात? टोमणा मारायला आलात का?"

नारायणरावांना आधी समजेना. मग त्यांनी मान वळवून माझ्या काचेकडे पाहिले. त्यांचा चेहरा पडला. "नाई बाप्पा," ते म्हणाले. "माहा लेक तिथं बसला हाय."

त्या तरुणाने मग त्यांचा हात धरला आणि त्यांना मांडवाशी नेले. मी रस्त्यावरून पाहत होते. अविनाश शेवटच्या रांगेत होता. दाढी वाढलेली, कंपनीचा निळा शर्ट अजून अंगात. बापाला पाहून तो उठला नाही.

"म्हणा आता, बाबा," तो म्हणाला. "तुमी म्हटलं तेच झालं. तेच सांगाले आले नं?"

नारायणरावांनी टोपी काढून हातात घेतली. "ज्ञानेश्वरची गिरणी बंद पडली तवा थो बी असाच दारासमोर बसला होता. घरचं कोणीच त्याच्यापाशी जाऊन बसलं नाई. मीबी नाई." त्यांनी पायातल्या चपला काढल्या. "सरक बरं थोडा."

अविनाश सरकला. म्हातारा सतरंजीवर बसला. पुढचे बरेच दिवस ते तिथे बसत होते. दुपारी ऊन झाले की कामगार माझ्या सावलीला येऊन डबे खात. कोणी नांदेडचा, कोणी वाशीमचा, कोणी आमच्याच लोणारचा. ज्याला माझी पाटी टोमणा वाटली होती, तोही माझ्या चाकाला टेकून बसे. देशी गाडी आहे म्हणून कोणी तोंड फिरवले नाही.

इथे मला तुम्हाला सांगायला आवडले असते की कारखाना पुन्हा सुरू झाला. तो झाला नाही. कंपनी गेली. अविनाशने खूप ठिकाणी विचारले आणि शेवटी त्याला काम मिळाले ते एका आपल्या, देशी कंपनीत. पण ती कंपनी तमिळनाडूत होती. पुणे एका दिवसाच्या अंतरावर होते. हे नवे गाव कुठे आहे, हे नारायणरावांना नकाशावरही नीट दाखवता येईना.

निघण्याआधी अविनाश त्याची रुपेरी गाडी अमडापूरला घेऊन आला. तिकडे भाड्याच्या खोलीपाशी ती ठेवायला जागा नव्हती, आणि गेलेल्या कंपनीचे सुटे भाग मिळणेही कठीण झाले होते. तो फाटकाशी थांबला. नारायणरावांनी स्वतः शेडातले पंप उचलून बाजूला केले, नळ्या कोपऱ्यात सारल्या. "आण आत," ते म्हणाले.

रुपेरी गाडी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आता तं आपल्या कंपनीत चाललो, बाबा," अविनाश म्हणाला. "खुश हाय नं?"

"हाव," नारायणराव म्हणाले. पण ते त्याच्याकडे पाहत नव्हते. माझ्या टायरमध्ये अडकलेला एक खडा ते नखाने काढत होते.

आता अविनाश वर्षातून एकदा येतो, कधी तेही जमत नाही. सरस्वतीबाईंचे गुडघे गेले, इतका लांबचा प्रवास त्यांना झेपत नाही. मधे चिखलीचा एक भंगारवाला येऊन गेला. दोन्ही गाड्या विकत मागत होता. नारायणरावांनी विचारले, "देशीचा भाव निराळा आन् बाहेरच्या कंपनीचा निराळा, असं असते का?"

"तोडल्यावर सारं सारखंच, काका. लोखंड वजनावर जाते."

"मंग राहू दे," नारायणराव म्हणाले. तो का म्हणून विचारत राहिला, पण त्यांनी शेडाचे दार लावून घेतले.

दर रविवारी ते शेडात येतात. बॅटऱ्या बसू नयेत म्हणून आम्हा दोघींना थोडा वेळ सुरू करतात. मी आधी. माझे त्यांना सगळे पाठ आहे, चावी अर्धी फिरवून किती थांबायचे तेही. पाच मिनिटांत माझे आटोपते. मग ते रुपेरी गाडीत बसतात आणि मोबाइल काढतात.

"अविनाश, अरे हे तुही गाडी सुरू कशी कराची? मले जमून नाई राह्यलं."

"बाबा, आधी क्लच पूर्ण दाबा. त्याशिवाय ते सुरूच होत नाई."

"हा, दाबला. मंग?"

"मंग चावी फिरवा. डाव्या बाजूचा दिवा विझला का?"

"थांब, पाहतो. तू जेवला का?"

असे बराच वेळ चालते. सरस्वतीबाई दारात येऊन उभ्या राहतात, नातीचा आवाज ऐकतात, सुनेला काय भाजी केली ते विचारतात. मित्रांनो, मी शेजारीच असते, म्हणून मला माहीत आहे. ती गाडी सुरू करायला नारायणराव पहिल्याच रविवारी शिकले. फोन लावण्याआधी ते क्लच दाबून बसलेले असतात. मला कधीकधी वाईट वाटते की माझ्याबद्दल विचारायला कोणाला फोन लावावा लागत नाही. फोन संपला की ते तिच्यातच बसून राहतात. मग शेडात आम्ही तिघेच असतो.

गाडी देशी घ्यावी की परदेशी, हे मला विचारू नका. मी आयुष्यभर त्या एका शब्दाची पाटी पाठीवर घेऊन फिरले, तरी मला त्याचे पक्के उत्तर सापडले नाही. कोणतीही घ्या, पण तिला महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, मधून मधून सुरू करा, धूळ पुसा. आणि तुम्ही कामासाठी दूर गेलात, आणि घरून कोणी फोनवर तुम्हाला तीच साधी गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले, तर 'मागच्या वेळी सांगितले होते ना,' असे म्हणू नका. पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगा.